पिवळा दिवा आणि पडलेले ॲव्हरेज : पिकअप गाडीचे दुखणे कसे ओळखावे?

बेळगावहून पहाटे भाजी भरून चोर्ला घाटाने गोव्याकडे उतरणारी पिकअप गाडी असो, लासलगावचा कांदा घेऊन वाशीच्या बाजारपेठेकडे निघालेली असो किंवा इंदूरच्या चोइथराम मंडईबाहेर रांगेत उभी असलेली असो. तिच्या मालकाच्या डोक्यात एक हिशेब अखंड चालू असतो. एका लिटर डिझेलमध्ये गाडी किती किलोमीटर जाते, हा तो हिशेब. भाडे ठरवताना चालकाचा पगार, कर्जाचा हप्ता, विमा, टोल हे सारे धरलेले असते आणि हे आकडे बहुतेक आधीच ठाऊक असतात. डिझेलचा आकडा मात्र गाडीच्या प्रकृतीवर ठरतो.

समजा, गाडी रोज १२० किलोमीटर धावते आणि महिन्यात २६ दिवस कामावर असते. म्हणजे ३,१२० किलोमीटर. ॲव्हरेज लिटरला १३ किलोमीटर असेल तर २४० लिटर डिझेल लागते, तेच १०.४ वर आले तर ३०० लिटर. लिटरमागे ९० रुपये धरले, तरी महिन्याला ५,४०० रुपये जादा जातात. येथे एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. ॲव्हरेज २० टक्क्यांनी घसरले की डिझेलचा खर्च २० नव्हे, तर २५ टक्क्यांनी वाढतो. लहान वाहतूकदाराचा नफा बहुधा याच फरकात विरघळून जातो.

अशाच एखाद्या महिन्यात डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो. त्यावर दोन प्रतिक्रिया सर्रास दिसतात. गाडी चालते आहे ना, मग दिव्याकडे कशाला पाहायचे, ही पहिली. दुसरी म्हणजे जवळच्या गॅरेजमध्ये जाऊन बॅटरीची तार काही मिनिटे काढून ठेवणे किंवा स्कॅनर लावून दिवा ‘घालवणे’. दोन्हींत नुकसान आहे, कारण दिवा आणि पडलेले ॲव्हरेज ही अनेकदा एकाच दुखण्याची दोन लक्षणे असतात. त्यातही ॲव्हरेज आधी बिघडलेले असते, दिवा मागाहून लागतो.

आधी रंगांविषयी थोडक्यात. ऑइलचा दाब, इंजिनाचे तापमान, ब्रेक आणि बॅटरी चार्जिंग यांचे दिवे लाल असतात. ऑइलचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला की गाडी सुरक्षित जागी बाजूला घेऊन इंजिन बंद करणे, एवढा एकच मार्ग आहे. ‘पुढच्या गावापर्यंत नेऊ’ या विचाराने संपूर्ण इंजिन उघडण्याची वेळ येते. पिवळ्या दिव्याचा अर्थ गाडी चालवता येईल, पण लवकर तपासणी करून घ्या, असा असतो. पिवळा दिवा लुकलुकत असेल किंवा त्यासोबत गाडीची ओढ एकदम कमी झाली असेल, तर मात्र ‘लवकर’ याचा अर्थ ‘आजच’ असा घ्यावा. डिझेल फिल्टरमध्ये पाणी साचल्याचा दिवाही दुर्लक्षून चालत नाही. आधुनिक डिझेल इंजिनात इंधनाचा दाब हजार बारहून अधिक असतो. पिकअपच्या मागच्या टायरमधली हवा चार बारच्या आसपास असते, यावरून त्याची कल्पना यावी. एवढ्या दाबाखाली काम करणाऱ्या पंपाला आणि इंजेक्टरला वंगण म्हणून डिझेलच मिळते. त्यात पाणी आले की धातू धातूवर घासू लागतो.

इंजिनाचा पिवळा दिवा लागतो कसा, हे समजले तर पुढचे बरेच गैरसमज टळतात. गाडीतील संगणक, ज्याला गॅरेजच्या भाषेत ईसीयू किंवा ईसीएम म्हणतात, हवेचे वजन, इंधनाचा दाब, कूलंटचे तापमान, धुराड्यातील वायूचा दाब अशी अनेक मापे सतत घेत असतो. एखादे माप अपेक्षित मर्यादेबाहेर गेले म्हणून लगेच दिवा लागेलच असे नाही. पुष्कळ बिघाडांच्या बाबतीत तीच गोष्ट पुढच्या फेरीतही आढळली, तरच दिवा लावला जातो. बिघाड आपोआप दूर झाला तर काही निर्दोष फेऱ्यांनंतर दिवा विझतो, मात्र त्याची नोंद स्मृतीत बराच काळ राहते. दिवा लागला त्या क्षणी इंजिनाचे फेरे किती होते, भार किती होता, तापमान किती होते, याचीही एक नोंद जतन होते. इंग्रजीत तिला ‘फ्रीझ फ्रेम’ म्हणतात. बिघाड चढावर आला की थंड इंजिनावर, भरधाव वेगात की जागच्या जागी, हे ती नोंद सांगते. बॅटरीची तार काढून किंवा घाईने कोड पुसून टाकला की हा पुरावाच नष्ट होतो. घटनास्थळ पुसून मग तपास सुरू करावा, तसा तो प्रकार आहे.

आता कोडविषयी. स्टीअरिंगच्या खाली सोळा पिनांचे एक कनेक्टर असते; तेथे स्कॅनर जोडला की ‘पी’ या अक्षराने सुरू होणारा चार अंकी कोड मिळतो. पी ०४०१ म्हणजे ईजीआर मार्गातील प्रवाह अपुरा. पी ०२९९ म्हणजे टर्बोचा दाब अपेक्षेपेक्षा कमी. पी ००८७ म्हणजे इंधनाच्या रेलमधील दाब कमी. वाहनधारकांनी मनाशी पक्की बांधावी अशी गोष्ट ही, की कोड लक्षणाचे नाव सांगतो, खराब झालेल्या भागाचे नव्हे. पी ०२९९ दिसला की टर्बो बदलायला सांगणारे मेकॅनिक भेटतात. प्रत्यक्षात इंटरकूलरच्या रबरी पाइपची क्लिप सैल झालेली असते आणि हवा वाटेतच निसटत असते. पी ००८७ मागे महागडा पंप असू शकतो, तसाच साधा तुंबलेला डिझेल फिल्टरही असू शकतो. स्वस्तातली शक्यता आधी तपासायची, हा क्रम गॅरेजने पाळला नाही तर मालकाने आग्रहाने पाळायला लावावा.

या संदर्भात एक कोड सविस्तर पाहण्यासारखा आहे, कारण आपल्याकडच्या एका जुन्या सवयीशी त्याचा थेट संबंध आहे. पी ०१२८ म्हणजे इंजिन जेवढे तापायला हवे तेवढे तापत नाही. इंजिन आणि रेडिएटर यांच्यामध्ये थर्मोस्टॅट नावाची एक छोटी झडप असते. इंजिन थंड असताना ती बंद राहते, कूलंट इंजिनातच फिरते आणि इंजिन लवकर तापते. तापमान साधारण ८० ते ९० अंश सेल्सिअसच्या आसपास गेले की झडप उघडते आणि कूलंट रेडिएटरमध्ये थंड व्हायला जाते. ही झडप बंद अवस्थेत अडकली तर इंजिन उकळते, आणि म्हणूनच उन्हाळ्यात घाटात गाडी गरम होऊ नये यासाठी थर्मोस्टॅट काढूनच टाकण्याची रीत अनेक गॅरेजांत रूढ झाली. जुन्या यांत्रिक पंपाच्या इंजिनांत त्याचा तोटा पटकन दिसत नसे. ‘आपल्या हवेत त्याची गरजच नाही’ हे वाक्य तेव्हापासूनचे. आजच्या गाडीला ते लागू होत नाही.

थर्मोस्टॅट काढला, किंवा तो उघड्या अवस्थेत अडकला, की इंजिन कायम कोमट राहते. ऑइल पुरेसे पातळ होत नाही, त्यामुळे घर्षण वाढते. इंजिन अजून थंडच आहे अशी ईसीयूची समजूत होते आणि त्यानुसार इंधनाचे गणित बदलते. ॲव्हरेज हळूहळू खाली येते. पण चालकाला वेगळे काहीच जाणवत नाही, उलट तापमानाचा काटा खाली पाहून बरेच वाटते. सपाट रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटे गाडी चालवल्यानंतरही काटा नेहमीच्या जागेपेक्षा खाली रेंगाळत असेल, तर थर्मोस्टॅट हाच पहिला संशयित धरावा. त्याची किंमत पुढे येणाऱ्या दुरुस्तीपुढे काहीच नाही. थंड इंजिनाचा खरा फटका बसतो तो डीपीएफला.

देशभरात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाली. भारताने बीएस-५ चा टप्पा वगळून थेट ही उडी घेतली. डिझेलमधील गंधकाचे कमाल प्रमाण दहा लाख भागांत ५० भागांवरून १० भागांवर आले आणि नव्या डिझेल गाड्यांच्या धुराड्यात डीपीएफ, म्हणजे धुरातील सूक्ष्म कण अडवणारा फिल्टर, आला. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी असंख्य बारीक नळ्या असलेली ही विटेसारखी वस्तू असते. शेजारशेजारच्या नळ्या आलटून पालटून एका बाजूने बंद केलेल्या असतात, त्यामुळे धुराला सच्छिद्र भिंतीतून झिरपूनच बाहेर पडावे लागते आणि काजळी आत राहते.

साठलेली काजळी जाळून टाकावी लागते. महामार्गावर सलग, भारासह धावणाऱ्या गाडीत धुराडे पुरेसे तापते आणि काही काजळी आपोआप जळते. गावातल्या गावात दूध, गॅस सिलिंडर किंवा किराणा पोहोचवणाऱ्या, दर दहा मिनिटांनी थांबणाऱ्या गाडीत तसे होत नाही. तेव्हा ईसीयू स्वतःहून मोहीम काढतो. इंजिनात जास्तीचे डिझेल सोडून धुराड्यातील वायूचे तापमान ६०० अंशांच्या आसपास नेले जाते आणि काजळी जळते. याला ‘रिजनरेशन’ म्हणतात. त्या वेळी जागच्या जागी इंजिनाचे फेरे किंचित वाढतात, पंखा जोरात फिरतो, तापलेल्या धातूचा वास येतो आणि अर्थातच डिझेल जास्त लागते. ही प्रक्रिया पूर्ण व्हायला गाडी काही काळ सलग चालू राहावी लागते. चालकाला हे ठाऊक नसते. तो माल उतरवायला थांबतो, चावी फिरवून इंजिन बंद करतो. पुढच्या फेरीत ईसीयू पुन्हा तोच प्रयत्न करतो, पुन्हा जास्तीचे डिझेल जाते, पुन्हा प्रक्रिया अर्धवट राहते. आणि इंजिन मुळातच कोमट असेल, तर अनेक गाड्यांत ही प्रक्रिया सुरूच होऊ दिली जात नाही. काजळी साठत जाते, धुराला बाहेर पडायला वाट राहत नाही, इंजिन दम कोंडल्यासारखे चालते. ॲव्हरेज पडण्याची दोन कारणे येथे एकत्र येतात : वाया गेलेले डिझेल आणि तुंबलेले धुराडे.

डीपीएफचा दिवा लागला की पहिला उपाय बहुधा फुकट असतो. गाडीच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे, मोकळ्या रस्त्यावर, सांगितलेल्या वेगाने आणि गिअरमध्ये, सलग काही मिनिटे गाडी चालवायची. काही मॉडेलांत उभ्या गाडीत रिजनरेशन सुरू करण्याचे बटणही असते. तसे करताना गाडी वाळलेले गवत, कडबा किंवा उसाचे पाचट यांच्यावर कदापि उभी करू नये. खालचे धुराडे त्या वेळी आग लावण्याइतके तापलेले असते. दिव्याकडे दुर्लक्ष होत राहिले तर गाडी ‘लिम्प मोड’मध्ये जाते, म्हणजे ताकद मुद्दाम कमी केली जाते. त्यानंतर स्कॅनर लावून सक्तीचे रिजनरेशन करावे लागते, आणि तीही मर्यादा ओलांडली की फिल्टर उतरवावाच लागतो.

फिल्टर भरल्याचा निष्कर्ष ईसीयू काढतो तो प्रामुख्याने फिल्टरच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबातील फरकावरून. हे मापन करणाऱ्या सेन्सरपर्यंत दोन बारीक नळ्या येतात. त्यांतली एखादी चिरली, सुटली किंवा आत काजळीने बुजली, तरी माप चुकते. हजारो रुपयांच्या फिल्टरवर खापर फोडण्यापूर्वी त्या नळ्या पाहण्याचे काम पाच मिनिटांचे आहे.

आणखी एक खूण डिपस्टिकवर सापडते. रिजनरेशनसाठी सोडलेले जास्तीचे डिझेल अनेक इंजिनांत सिलिंडरच्या भिंतीवरून थोडे खाली उतरते आणि ऑइलमध्ये मिसळते. प्रक्रिया वारंवार अर्धवट राहिली की ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वाढू लागते. ‘गाडी ऑइल खातच नाही’ असे कौतुकाने सांगणाऱ्या मालकाने पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेली आहे का, हे जरूर पाहावे. डिझेल मिसळून पातळ झालेले ऑइल बेअरिंगचे रक्षण करू शकत नाही. ऑइल निवडतानाही जुनी सवय उपयोगी पडत नाही. डीपीएफ असलेल्या गाडीला कमी राख सोडणारे, पुस्तिकेत नमूद केलेल्या प्रतीचेच ऑइल हवे. काजळी जळते, राख जळत नाही. ती फिल्टरमध्ये कायमची बसते.

या सगळ्यावर एक ‘रामबाण’ उपाय गॅरेजांत मिळतो : फिल्टर पोकळ करायचा आणि ईसीयूमधील प्रणाली बदलून दिवा कायमचा बंद करायचा. प्रामाणिकपणे सांगायचे तर त्यानंतर ॲव्हरेज थोडे सुधारू शकते आणि म्हणूनच ही प्रथा पसरते. पण फिल्टर का भरत होता, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. टपकणारा इंजेक्टर, अडकलेला ईजीआर, काढून टाकलेला थर्मोस्टॅट आहे तेथेच राहतो; फरक एवढाच, की आता त्याची सूचना देणारे कोणी उरत नाही. वाहनाच्या रचनेत असे फेरफार करण्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अडसर आहे. प्रदूषणाच्या मानकांचा भंग केल्यास कलम १९०(२) खाली पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आणि परवाना तीन महिने अपात्र, अशी तरतूद आहे. आणि त्या काजळीचे काय होते? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला मानवी कर्करोगकारक घटकांच्या पहिल्या गटात टाकले. बाजार समितीच्या आवारात दिवसभर चालू इंजिनांच्या मागे उभा राहणारा हमाल ती सर्वांत आधी श्वासात घेतो.

काही मॉडेलांत डीईएफ या द्रवाची वेगळी टाकी असते. त्यात ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि उरलेले क्षारविरहित पाणी असते. दिवा लागल्यावर शेतीच्या युरियाची मूठभर गोळी पाण्यात विरघळवून टाकण्याचा मोह ग्रामीण भागात होऊ शकतो. शेतीचा युरिया २०१५ पासून कडुनिंबाच्या तेलाचे आवरण देऊन विकला जातो. ते तेल आणि इतर अशुद्धी नोझल बुजवतात आणि उत्प्रेरक निकामी करतात. बचत काही रुपयांची, खर्च संपूर्ण यंत्रणेचा.

ॲव्हरेज पडले, पण दिवा एकही लागला नाही, असेही पुष्कळदा घडते. इंजिनाचा पिवळा दिवा प्रामुख्याने इंजिन आणि धूर यांच्याशी निगडित भागांवर नजर ठेवतो. जाम झालेला ब्रेक, घसरणारा क्लच, बिघडलेले अलाइनमेंट त्याला दिसत नाही. ब्रेक धरून राहतो का, हे पाहण्याची सोपी रीत आहे. ब्रेक फारसा न वापरता काही किलोमीटर जाऊन थांबावे आणि चारही चाकांच्या रिमजवळ, स्पर्श न करता, तळहाताची मागची बाजू न्यावी. एक चाक इतरांपेक्षा स्पष्टपणे अधिक तापलेले असेल, तर डिझेल तेथे जळते आहे. मोठ्या गिअरमध्ये चढावर इंजिनाचे फेरे वाढतात पण वेग वाढत नाही, असे असेल तर क्लच पाहावा.

टायरमधील हवेबद्दल मात्र अवास्तव अपेक्षा नको. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या ग्राहक-माहितीनुसार चारही टायरमधील सरासरी दाब १ पीएसआयने घटला तर ॲव्हरेज सुमारे ०.२ टक्के घटते. म्हणजे १० पीएसआय हवा कमी असली तरी फरक दोन टक्क्यांच्या आसपास. हे आकडे तिकडच्या हलक्या गाड्यांचे आहेत. पिकअपच्या भारात टायर तापून फुटण्याचा धोका वेगळाच, म्हणून हवा योग्य हवीच. परंतु ॲव्हरेज १३ वरून १०.४ वर आले असेल आणि मेकॅनिक केवळ हवा भरून पाठवत असेल, तर कारण अजून सापडलेले नाही. याउलट त्याच विभागाच्या माहितीनुसार ऑक्सिजन सेन्सरसारखा गंभीर बिघाड दुरुस्त केल्यास ॲव्हरेज ४० टक्क्यांपर्यंत सुधारू शकते. पेट्रोल आणि सीएनजीवरील पिकअपच्या मालकांनी हे विशेष लक्षात घ्यावे.

दुरुस्तीपूर्वी ॲव्हरेज खरोखर किती पडले, हे मोजलेले असावे. डॅशबोर्डवरचा आकडा अंदाज असतो. टाकी फुल करावी, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झाले की थांबावे, किलोमीटर लिहून ठेवावेत. पुढच्या वेळी त्याच पंपावर, त्याच पद्धतीने टाकी फुल करावी आणि भरलेल्या लिटरने कापलेल्या अंतराला भागावे. अशा तीन टाक्यांची नोंद, सोबत माल किती होता आणि मार्ग कोणता होता, एवढे वहीत असले म्हणजे पुरे. चोर्ला घाटाचा आठवडा आणि सपाट रस्त्याचा आठवडा यांची तुलना करून काहीच हाती लागत नाही. गाडीच्या फळ्यांवर उंची वाढवली होती का, ताडपत्री सैल फडफडत होती का, माल क्षमतेपेक्षा अधिक होता का, हेही त्याच वहीत यावे.

गॅरेजमध्ये गेल्यावर कोड पुसण्यापूर्वी त्यांचा आणि फ्रीझ फ्रेमचा फोटो मोबाइलवर काढून घ्यावा. त्यानंतर कूलंटचे तापमान, रेलमधील दाब, हवेच्या सेन्सरचे माप आणि डीपीएफवरील दाबाचा फरक ही चालू इंजिनाची मापे पाहायला सांगावीत. बहुतेक स्कॅनर ती दाखवतात. इंजेक्टरचा संशय असेल तर चारही इंजेक्टरांचे रिटर्न मोजून घ्यावे, एकाच वेळी चारही बदलायला होकार देऊ नये. बदललेला भाग परत मागावा. कोड पुसल्यानंतर ईसीयूला आपल्या सर्व अंतर्गत चाचण्या पूर्ण करायला काही दिवसांचे नेहमीचे चालवणे लागते, त्यामुळे गॅरेजच्या दारात विझलेला दिवा दुरुस्तीची खात्री देत नाही. त्याच मार्गावर, तेवढ्याच भारासह दोन टाक्या संपू द्याव्यात आणि मग वहीतील जुन्या आकड्याशी तुलना करावी. दिवा परत लागला नाही, पण ॲव्हरेजही जागेवर आले नाही, तर पुढची तपासणी इंजिनात नव्हे, चाकांपासून सुरू करावी.